छतावर कडक ऊन, तरी पंखा बंद: आरोग्य केंद्रावरच्या सोलरचं गणित

आमच्या गल्लीतल्या एका काकांनी छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचं अनुदान मिळालं, बिल जवळजवळ शून्यावर आलं, काका खूश. मग एप्रिलातल्या एका दुपारी लाइट गेली. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, छतावर चकाकणारी पॅनेलं, आणि ओसरीत काका घामाघूम होऊन पेपरने वारा घेत बसलेले. जाणारा-येणारा प्रत्येक जण विचारून गेला, “सोलर आहे ना हो तुमच्याकडे?” काकांनी बसवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, “लाइट आली की चालू होईल.”

काकांना ती थट्टा वाटली. पण तो खरंच सांगत होता.

घरात यामुळे फार तर एक दुपार उकाड्यात जाते. हेच प्राथमिक आरोग्य केंद्रात झालं तर? ‘अमुक आरोग्य केंद्र आता सौरऊर्जेवर’ अशी बातमी हल्ली जिल्हा पुरवणीत अधूनमधून असते. कधी तिच्याच शेजारी ‘टेलिमेडिसिनमुळे तज्ज्ञ डॉक्टर गावात’ अशी दुसरी बातमी असते. दोन्ही वाचल्यावर वाटतं, झालं, प्रश्न सुटला. काकांची ती दुपार मात्र डोक्यातून जात नाही. म्हणून हे सगळं नेमकं कसं चालतं ते मुळापासून पाहू.

## पॅनेल चालू, पंखा बंद: असं का?

घरांवर बसतं ते बहुतेक सोलर ‘ऑन-ग्रिड’ असतं, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेलं. दुपारी जास्तीची वीज तारेत जाते, संध्याकाळी तारेतून परत येते, आणि मीटर दोन्हींची वजाबाकी करतो. हे दूध डेअरीसारखं आहे. सकाळी जादा दूध डेअरीला घातलं, संध्याकाळी गरजेपुरतं तिथूनच आणलं. घरात साठवायचं भांडं नसलं तरी भागतं, डेअरी उघडी आहे तोवर.

लाइट गेली म्हणजे डेअरी बंद. तेव्हा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर मुद्दाम स्वतःला बंद करून घेतो. एक कारण म्हणजे खांबावर चढलेला वायरमन. ‘लाइन बंद आहे’ या भरवशावर त्याने तारेला हात घातला आणि त्याच क्षणी तुमच्या छतावरची वीज तारेत आली तर त्याचा जीव जाईल. दुसरं कारण तांत्रिक आहे. हा इन्व्हर्टर स्वतःचा ताल धरत नाही, तारेतल्या विजेचा ताल ऐकून तिच्या मागे चालतो. भजनात पखवाज थांबला की टाळ थांबतात, तसंच.

लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर साठवायचं भांडं लागतं, म्हणजे बॅटरी. आणि स्वतःचा ताल धरणारा इन्व्हर्टर लागतो. त्याला ‘हायब्रिड’ म्हणतात. तो ऊन, बॅटरी आणि महावितरण या तिन्हींवर चालतो. गल्लीतल्या काकांना बॅटरी परवडत नसेल तर त्यांचं काही बिघडत नाही. डोंगरातल्या, आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्राची गोष्ट वेगळी. सरकारी निकषानुसार तिथल्या एका केंद्राच्या भरवशावर २० हजार लोक असतात (सपाटीवर ३० हजार). तिथे बॅटरीशिवाय सोलर बसवलं तर बिल कमी होईल, प्रसूतिगृहातला अंधार तसाच राहील.

## एका रात्रीचा हिशेब

आता थोडं गणित, पाचवीच्या पातळीचं. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट.

संध्याकाळी सहा ते सकाळी सहा धरू. प्रसूतिगृह, वॉर्ड आणि व्हरांडा मिळून २० वॅटच्या आठ एलईडी ट्यूब रात्रभर चालल्या तर साधारण २ युनिट. पंखे चार. जुने ७५ वॅटचे असतील तर साडेतीन युनिटच्या वर, नवे ३० वॅटवाले असतील तर दीड. नवजात बाळाला ऊब देणारा ‘वॉर्मर’ चार तास लागला तर दोनेक युनिट. लसींच्या फ्रीजला एक धरू. नवे पंखे असतील तर सगळं मिळून साडेसहा युनिट.

घरच्या इन्व्हर्टरला असते तशी १५० एएचची एक बॅटरी भरली की तिच्यात १.८ युनिट मावतात. पण शिसं-आम्लाची बॅटरी रोज तळापर्यंत उपसली तर लवकर मरते. निम्मीच वापरायची. म्हणजे हाताशी ०.९ युनिट. साडेसहा भागिले ०.९, म्हणजे आठ बॅटऱ्या. एकेक १५ हजारांच्या आसपास धरली तर सव्वा लाख रुपये, आणि तेही चार-पाच वर्षांनी पुन्हा. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, बॅटरी नाही. लिथियमची बॅटरी दुप्पट टिकते, पण महाग पडते.

जुन्या पंख्यांच्या जागी नवे लावले तर रात्रीत दोन युनिट वाचतात, म्हणजे दोन बॅटऱ्या. चार नवे पंखे त्याहून बरेच स्वस्त पडतात. सोलर बसवायला आलेल्या माणसाने पहिल्यांदा छताकडे न बघता पंख्यांकडे बघावं, असं माझं मत.

पॅनेल किती लागतील? आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज चारेक युनिट देतं आणि शंभरेक चौरस फूट जागा घेतं. चार किलोवॅट बसवलं तर १६ युनिट. बॅटरीत भरताना आणि काढताना थोडी वीज वाया जाते, ती धरून रात्रीला आठ. उरलेली आठ दिवसा ओपीडी, संगणक आणि प्रयोगशाळेला.

पाणी तापवायला ही वीज वापरायचीच नाही. दीड-दोन हजार वॅटचा गिझर तासाभरात दोन बॅटऱ्या रिकाम्या करेल. त्यासाठी वेगळा सौर बंब बसवावा.

## लसींचा फ्रीज आणि कुल्फीचा माठ

आरोग्य केंद्रात विजेवर सगळ्यात जास्त अवलंबून असलेली वस्तू कोपऱ्यात गप्प उभी असते. बाळांच्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. जास्त उष्णतेने त्या निकामी होतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण हिपॅटायटिस-बी आणि पेंटाव्हॅलंटसारख्या लसी गोठल्या तरी वाया जातात, हे फार जणांना माहीत नसतं. नासलेलं दूध ढवळून पूर्ववत होत नाही, तशी गोठलेली लस वितळवून कामाला येत नाही.

लसीच्या बाटलीवर एक छोटं वर्तुळ असतं आणि त्याच्या आत फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाइतका गडद झाला की ती बाटली टाकून द्यायची. पुढच्या वेळी बाळाला टोचायला न्याल तेव्हा सिस्टरला ती खूण दाखवायला सांगा, त्या आनंदाने दाखवतील. ही खूण फक्त उष्णतेची चुगली करते, गोठण्याची नाही.

लसींसाठी घरातला फ्रीज चालत नाही. तिथे ‘आयएलआर’ असतो. हे नाव एकदाच लक्षात ठेवा: भिंतींच्या आत बर्फाचं अस्तर असलेला, वरून उघडणारा फ्रीज. मटका कुल्फीवाला दुपारभर उन्हात फिरतो तरी कुल्फी वितळत नाही, कारण माठात बर्फ भरलेला असतो. आयएलआरचं तत्त्व तेच. चोवीस तासांत आठ तास वीज मिळाली तरी तो आतली थंडी राखतो. वरून उघडण्यामागेही हेच आहे. थंड हवा जड असते. उभं दार उघडलं की ती पायाशी सांडते, वरचं झाकण उघडलं तर आतच राहते.

मग आठ तासही वीज नसेल तिथे? त्यासाठी थेट उन्हावर चालणारे फ्रीज निघाले आहेत. पॅनेलमधून येणारी वीज सरळ फ्रीजला जाते, दिवसभर आत बर्फ तयार होतो आणि रात्री तोच बर्फ लसी गार ठेवतो. वीज साठवायला बॅटरी नाही, गारवा साठवायला बर्फ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार अशा फ्रीजने बाहेर ४३ अंश असताना, ऊन अजिबात नसलं तरी, किमान तीन दिवस तग धरायला हवा. बॅटरीच नाही, तेव्हा ती बदलायचाही प्रश्न नाही. या सगळ्या विषयातली मला सगळ्यात आवडलेली युक्ती हीच.

## पडद्यावरचा डॉक्टर, इथले हात

आता दुसरी बातमी, टेलिमेडिसिनची. म्हणजे डॉक्टर एका गावी, रुग्ण दुसऱ्या गावी, आणि मध्ये फोन किंवा व्हिडिओ. देशात याचं सगळ्यात मोठं सरकारी रूप म्हणजे ई-संजीवनी. मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केलेली ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली. लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० पासून, लोकांना घरबसल्याही ती वापरता येऊ लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिच्यावरच्या सल्ल्यांची संख्या १० कोटींपलीकडे गेली.

तिची रचना बैलगाडीच्या चाकासारखी आहे. मधला तुंबा म्हणजे जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर, आणि आरे म्हणजे गावोगावची उपकेंद्रं. रुग्ण उपकेंद्रात येतो. तिथला समुदाय आरोग्य अधिकारी, ज्याला सगळे ‘सीएचओ’ म्हणतात, बीपी, साखर, वजन बघतो, टॅबवर माहिती भरतो आणि डॉक्टरांना जोडून देतो. डॉक्टर चिठ्ठी देतात, गोळ्या उपकेंद्रातून मिळतात.

ज्या गावांना रस्ताच नाही त्यांना याचा किती उपयोग होईल ते नंदुरबारच्या नर्मदाकाठी समजतं. सरदार सरोवराच्या फुगवट्याच्या काठावरच्या पाड्यांपर्यंत आरोग्य सेवा बोटीतून न्यावी लागते. तरंगता दवाखाना म्हणतात त्याला. तिथल्या बीपीच्या म्हाताऱ्याला गोळीचा डोस बदलून घ्यायला बोट आणि मग जीप करून तालुक्याला जायला लावण्यात काय अर्थ आहे?

## “हात न लावता कसलं निदान?”

हा आक्षेप खरा आहे. सासरी पहिल्यांदा पुरणपोळी करणारी मुलगी आईला व्हिडिओ कॉल लावते. आई सांगते, कणीक अजून सैल हवी, पुरणाला चमचा उभा राहतो का बघ. आईचा अनुभव फोनवरून पोचतो, पण कणकेला हात मुलीलाच लावावा लागतो, आणि चण्याची डाळ घरात असावी लागते.

बीपी, साखर, त्वचेचे आजार, मानसिक आजारांचा पाठपुरावा, जुन्या औषधांचा डोस अशा गोष्टी फोनवर चांगल्या होतात. पोटात अचानक उठलेली जीवघेणी कळ, धाप लागलेलं तान्हं बाळ, अडलेली बाळंतीण यांना गाडीत घालून पुढेच पाठवायचं असतं. तिथे डॉक्टरचा पडदा फार तर गाडी येईपर्यंत काय करावं ते सांगेल. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले, त्यातही मर्यादा घातल्या आहेत. अंमली पदार्थांच्या कायद्यात मोडणारी औषधं अशी दुरून लिहून देता येत नाहीत.

कोकणातलं उदाहरण घ्या. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही साधी गोळी गुणकारी ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं आणि त्या दंशाने होणारे मृत्यू खूप खाली आले. हे ज्ञान फोनवरून क्षणात कुठेही पोचू शकतं. गोळी मात्र कपाटात असावी लागते.

आणि या टोकाचे हात तयार असतील तर किती होऊ शकतं? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नव्वदच्या दशकात गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवलं: श्वास मोजणं, बाळाला उबेत ठेवणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्या गावांमधले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तेव्हा तिथे ना टॅब होता, ना व्हिडिओ कॉल. म्हणून टेलिमेडिसिन आलं की माणसं कमी लागतील, असा हिशेब कुणी मांडला तर मला काळजी वाटते.

## “लाइट गेली की रेंजही जाते, त्याचं काय?”

खेड्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मोबाइलच्या टॉवरलाही वीज लागते. त्याच्या बॅटऱ्या काही तास काढतात, मग टॉवर झोपतो. उपकेंद्रावर सोलर असेल, टॅब चार्ज असेल, आणि समोर पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहील. केंद्राने २०२२ मध्ये रेंज नसलेल्या सुमारे २४ हजार ६८० गावांत फोर-जी नेण्याची योजना मंजूर केली. तो टॉवर कशावर चालणार, हाही प्रश्न त्याच्यासोबत विचारायला हवा. तोवर कामी येतो तो साधा आवाजी कॉल, किंवा फोटो पाठवून नंतर मिळणारं उत्तर. पुरळ दाखवायला थेट व्हिडिओ कशाला हवा?

## “पावसाळ्यात काय करणार? त्यापेक्षा जनरेटर बरा!”

कोकण-घाटमाथ्यावर जुलैत पॅनेल निम्मी वीज देतं, काही दिवस त्याहून कमी. आणि नेमकं तेव्हाच झाड पडून तारा तुटतात, डीपी जळते, रस्ता खचतो, साप निघतात. म्हणून पॅनेलं मोजताना मे महिन्याचं ऊन धरू नये, जुलैचं धरावं. फक्त सोलरवरही विसंबू नये. महावितरण आहे तोवर ते, ते गेलं की बॅटरी, बॅटरी संपत आली की जनरेटर, असा तिहेरी बंदोबस्त असावा. एकट्या जनरेटरची अडचण अशी, की डिझेल संपलेलं असतं, पैसे कोणत्या खात्यातून काढायचे यावर कागद फिरत असतो, आणि रात्री दोन वाजता दोरी ओढून तो सुरू करणारा माणूस घरी गेलेला असतो. बॅटरीला कुणी सुरू करावं लागत नाही.

एक गंमत. पॅनेल उन्हाने चालतं, पण तापलं की मंदावतं. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्याच्या भाजणाऱ्या दुपारपेक्षा डिसेंबरच्या स्वच्छ थंड दुपारी तेच पॅनेल त्या तासाला जास्त वीज देऊ शकतं.

## खरंच फरक पडतो का?

गडचिरोलीला लागूनच असलेल्या छत्तीसगडात २०१२ ते २०१६ या काळात ‘क्रेडा’ या राज्याच्या संस्थेने शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर बॅटरीसह सोलर बसवलं. दिल्लीच्या सीईईडब्ल्यू या संस्थेने २०१७ मध्ये त्याचा अभ्यास मांडला. सोलर असलेल्या केंद्रांत महिन्याला दाखल होणारे रुग्ण निम्म्याहून जास्त प्रमाणात अधिक होते आणि बाळंतपणं जवळपास दुप्पट.

आकडा मोठा आहे, पण जपून वाचावा. जिथे डॉक्टर आणि सिस्टर मुळातच टिकून होत्या, तिथेच सोलर आधी बसलं असेल आणि बाळंतपणंही तिथेच जास्त होत असतील, अशी शक्यता उरते. तरी दिशा पटण्याजोगी आहे. रात्री उजेड असेल, पंखा फिरत असेल, पाण्याचा पंप चालत असेल तर सिस्टर मुक्कामी राहते. सिस्टर आहे हे कळलं की घरचे बाळंतिणीला तिथे आणतात.

नायजेरियातल्या झारियाची गोष्ट याच वळणाची आहे. कॅलिफोर्नियाच्या प्रसूतितज्ज्ञ डॉ. लॉरा स्टॅचेल २००८ मध्ये तिथल्या रुग्णालयात गेल्या, तेव्हा वीज जाऊन बाळंतपणं आणि शस्त्रक्रिया अंधारात अडकताना त्यांनी पाहिल्या. त्यांचे पती हॅल ॲरन्सन सोलर शिकवायचे. दोघांनी मिळून एक पिवळी सुटकेस तयार केली. आत दिवे, फोनचं चार्जिंग आणि बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र, बाहेर पॅनेल. मेगावॅटच्या गप्पा मारणाऱ्यांना ही पेटी खेळणं वाटेल, पण टाका घालायला दिवाच लागतो.

## बॅटरीच्या खोलीचं दार

सोलर बिघडतं कसं? क्वचितच एखाद्या मोठ्या बिघाडाने. धूळ, कबुतरांची विष्ठा, वाढलेल्या उंबराची सावली. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं राहिलं. कुणीतरी प्रसूतिगृहाच्या लाइनवर ऑफिसचा कूलर लावला आणि संध्याकाळी सातलाच बॅटरी बसली. त्यावर साधा उपाय आहे. सोलरची लाइन वेगळी ओढायची, तिचे सॉकेट वेगळ्या रंगाचे ठेवायचे, आणि त्यावर काय लागेल ते भिंतीवर लिहून टाकायचं. क्रेडाने दुर्गम पाड्यांतल्या सोलरसाठी गावातल्याच माणसाकडे पॅनेल पुसायचं काम दिलं, काही गावं मिळून एक तंत्रज्ञ नेमला आणि वर स्वतः देखरेख ठेवली. पॅनेलं खरेदी करण्यापेक्षा हे जमवणं कठीण असतं.

तुमच्या भागातल्या केंद्रावर सोलर आल्याची बातमी वाचलीत तर एकदा चक्कर मारा. दारात लोकार्पणाची पाटी असेल, मान्यवरांची नावं असतील, ती वाचा. मग बॅटरीच्या खोलीचं दार उघडायला सांगा. खोलीच नसेल तर ते काकांसारखं सोलर आहे. असेल तर बॅटरीवर बसवल्याची तारीख बघा आणि त्यात चार वर्षं मिळवा. त्या वर्षी नव्या बॅटऱ्यांचे पैसे कुठून येणार, हे रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलेलं आहे का, ते विचारा.